ब्लफ न करणारा खेळ वरच्या स्टेकवर टिकतो का: प्रकल्प नोंदी

४ जून: व्याख्या

या नोंदी पोकरच्या आहेत. प्रश्न एकच: ब्लफ, म्हणजे कमजोर हातावर समोरच्याला घालवण्यासाठी केलेली बेट, न करता मोठ्या रकमेच्या टेबलांवर टिकता येतं का. ‘सरळ खेळ’ म्हणजे असा खेळ: चांगली पानं आली तर बेट (पैसे लावणं) किंवा रेज (समोरच्याची बेट वाढवणं), मधली आली तर चेक (काही न लावता पुढे जाणं) नाहीतर स्वस्तातला कॉल (समोरच्याच्या बेटेएवढे पैसे घालणं), काहीच नसेल तर फोल्ड (पानं टाकून देणं). रिव्हरवर, म्हणजे टेबलवरचं पाचवं, शेवटचं पान उघडल्यावर, केलेली प्रत्येक बेट व्हॅल्यू बेटच असते: कमजोर हाताने कॉल करावा म्हणून केलेली. सेमी-ब्लफ, म्हणजे फ्लश (एका रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (क्रमाने पाच पानं) पुरी होण्याची शक्यता हातात ठेवून केलेली बेट, तूर्त बाहेर ठेवली आहे. तिची नोंद वेगळी येईल. खेळ नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पानं, टेबलवर सामायिक पाच, बेटेला मर्यादा नाही), रोख टेबल, सहा जण, स्टॅक (प्रत्येकासमोरचे पैसे) १०० बीबी. बीबी म्हणजे बिग ब्लाइंड, डावाआधी सक्तीने टाकायच्या दोन रकमांपैकी (ब्लाइंड) मोठी. नफा दर १०० डावांमागे किती बीबी, असा मोजायचा.

‘वरचा स्टेक’ म्हणजे नुसती मोठी रक्कम नव्हे. पत्त्यांना रक्कम कळत नाही. स्टेक वाढला की समोरच्यांची कॉल करण्याची सवय बदलते, रेकचा, म्हणजे टेबलमालक डावातून कापून घेतो त्या रकमेचा, भार बदलतो आणि पुष्कळदा स्टॅक खोल होतात. या तिन्हींचा हिशोब वेगवेगळा केल्याशिवाय ‘टिकतो’ किंवा ‘टिकत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

६ जून: रिव्हरचा सर्वांत साधा नमुना

पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, १००. आपल्याकडे निम्म्या वेळा अजिंक्य हात, निम्म्या वेळा काहीच नाही. समोरच्याकडे नेहमी मधला हात: ब्लफला हरवेल, खऱ्या हाताला हरेल. आपण चेक करू शकतो किंवा १०० ची बेट करू शकतो.

संतुलित खेळात, म्हणजे समोरच्याने काहीही केलं तरी त्याला फायदा उपटता येणार नाही अशा खेळात, दोन व्हॅल्यू बेटांमागे एक ब्लफ येतो. मग समोरच्याला १०० घालून ३०० च्या पॉटसाठी खेळायचं असतं, तीनातून एकदा तो जिंकतो, आणि कॉल केला काय, फोल्ड केला काय, त्याला सारखंच. आपली सरासरी कमाई ७५.

आता ब्लफ काढून टाकले. समोरचा ५० टक्के वेळा कॉल करत असेल, तर खऱ्या हातावर १०० अधिक सरासरी ५०, असे १५०. ते निम्म्या वेळा, म्हणजे ७५. ब्लफ सोडल्याचा तोटा शून्य. समोरचा ८० टक्के वेळा कॉल करत असेल, तर सरळ खेळ ९० कमावतो आणि संतुलित खेळ ७५ वरच राहतो, कारण त्याच्या ब्लफमध्ये १५ जातात. समोरचा कधीच कॉल करत नसेल, तर सरळ खेळाला ५० मिळतात.

प्रकल्पाचा अर्धा निकाल इथेच आहे. सरळ खेळाचा फायदा आपल्या शिस्तीतून येत नाही, समोरच्याच्या जादा कॉलमधून येतो. कॉलचं प्रमाण एका रेषेच्या वर असेल तर ब्लफ न करणं हाच उत्तम खेळ. त्या रेषेवर असेल तर दोन्ही सारखे. खाली गेलं की तोटा सुरू. ही रेषा म्हणजे पॉट भागिले पॉट अधिक बेट. पॉटच्या तिसऱ्या हिश्शाच्या बेटेला ७५ टक्के, अर्ध्या पॉटला ६६.७, पाऊण पॉटला ५७.१, पूर्ण पॉटला ५०, दीडपटीला ४०, दुपटीला ३३.३. बेट जितकी मोठी, तितकी रेषा खाली. म्हणून कॉल सोडवत नाही अशा खेळाडूसमोर सरळ खेळाने मोठ्या बेटा कराव्यात. खालच्या स्टेकवर सरळ खेळणारे बहुतेक जण अर्ध्या पॉटच्या बेटेवर समाधान मानतात आणि निम्मा नफा टेबलवरच ठेवून उठतात.

९ जून: कून पोकर प्रोग्रॅममध्ये

रिव्हरच्या नमुन्यात बेट एकाच बाजूला करता येत होती. दोन्ही बाजूंना बेट करता येते असा एक अगदी छोटा खेळ म्हणजे गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेलं तीन पानांचं पोकर. पानं राजा, राणी, गुलाम. दोघांनी एकेक नाणं आधी टाकायचं, प्रत्येकाला एक पान, बेट एकच आणि तीही एका नाण्याची. संतुलनात पहिला खेळाडू दर डावाला सरासरी १/१८ नाणं हरतो. तेवढंच दुसरा जिंकतो.

संतुलन काढायला काउंटरफॅक्चुअल रिग्रेट मिनिमायझेशन ही २००७ ची पद्धत वापरली: प्रोग्रॅम स्वतःशी पुन्हा पुन्हा खेळतो आणि न केलेल्या चालींची खंत कमी करत जातो. या खेळासाठी कोड शंभर ओळींत बसतो. एक जुनी अडचण लगेच समोर आली: शेवटच्या फेरीतली चाल छापली तर आकडे हेलकावत राहतात, स्थिरावत नाहीत. सर्व फेऱ्यांची सरासरी चाल घ्यावी लागते. ती घेतल्यावर किंमत −०.०५५६ वर आली, म्हणजे −१/१८. हातचा हिशोब जुळला.

मग दुसऱ्या खेळाडूचे ब्लफ बंद केले, म्हणजे गुलाम हातात असताना बेट करण्याची शक्यता शून्यावर कुलूपबंद केली, आणि पहिल्याचं सर्वोत्तम उत्तर काढलं. आकडा आला +०.२२२. इतक्या छोट्या खेळात एवढी उडी संशयास्पद आहे. उद्या तपासणे.

१० जून: चूक आणि दुरुस्ती

चूक सापडली. सर्वोत्तम उत्तर काढताना प्रोग्रॅम प्रत्येक वाटपासाठी वेगळी चाल निवडत होता, म्हणजे समोरचं पान पाहून खेळत होता. गुलाम हातात असताना समोर राणी आहे की राजा, हे त्याला कळत होतं. निर्णय एकेका वाटपाचा घ्यायचा नसतो. स्वतःचं पान आणि आतापर्यंतच्या चाली एवढंच माहीत धरून, त्या स्थितीतल्या सगळ्या वाटपांचा मिळून एकच निर्णय घ्यायचा असतो. घरी असा कोड लिहिणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा: कून पोकरमध्ये या कुलपाला ०.२२२ आला, तर पान फुटलं आहे.

दुरुस्तीनंतर किंमत +१/१८. ब्लफ नसलेला दुसरा खेळाडू डावाला १/१८ जिंकण्याऐवजी १/१८ हरतो. पहिला फक्त दोन गोष्टी बदलतो: राणी हातात असताना समोरून बेट आली की नेहमी फोल्ड, आणि राजा आला की स्वतः बेट.

हाच ब्लफ नसलेला दुसरा खेळाडू वेगवेगळ्या विरोधकांसमोर बसवून पाहिला. राजा चेक करणारा पण राणीवर प्रत्येक बेट कॉल करणारा विरोधक असेल, तर सरळ खेळ डावाला १/६ नाणं जिंकतो. संतुलित खेळ त्याच विरोधकाकडून १/१८ च काढतो, म्हणजे सरळ खेळ तिप्पट कमावतो. विरोधक ठरावीक संतुलित चाल खेळत राहिला, समोर ब्लफ नाहीत हे त्याने लक्षातच घेतलं नाही, तर सरळ खेळालाही १/१८ मिळतात. तोटा काही नाही. आणि विरोधकाने ओळखून चाल बदलली, तर −१/१८.

१/६, १/१८, −१/१८. पत्ते तेच, खेळाडू तोच, शिस्त तीच. स्टेकची शिडी चढताना याच तीन पायऱ्या लागतात, फक्त वर जावं तसं सुख कमी होत जातं.

११ जून: पहिल्या जागेवरचं आश्चर्य

पहिल्या खेळाडूसाठी कून पोकरमध्ये एक नव्हे, अनेक संतुलित चाली आहेत. त्यातल्या एकीत तो कधीच ब्लफ करत नाही आणि तरी १/१८ पेक्षा जादा काहीच गमावत नाही. अट एकच: राजासुद्धा बेट करायचा नाही. सगळंच चेक करायचं, नंतर बेट आली तर राजावर नेहमी आणि राणीवर तीनातून एकदा कॉल करायचा.

तोच खेळाडू ब्लफ न करता राजा मात्र बेट करू लागला, तर किंमत −१/१८ वरून −१/९ वर घसरते. तीही राणीवरच्या कॉलचं प्रमाण १/३ वरून २/३ पर्यंत वाढवल्यानंतरची. न वाढवलं तर −२/९. कारण आता दोन गळत्या लागल्या आहेत. बेट केली की राजा उघडा पडतो आणि कोणी पैसे देत नाही. चेक केलं की राजा नाही हे उघडं पडतं, आणि समोरचा गुलामावर बिनधास्त ब्लफ करतो.

दुसऱ्या गळतीबद्दल फार कमी बोललं जातं. सरळ खेळ म्हटलं की लोक पहिलीच चर्चा करतात, ‘मला कोणी कॉल करत नाही’. खरा घाव चेकमध्ये आहे. प्रत्यक्ष टेबलवर याचा अर्थ असा: ब्लफ करायचेच नसतील, तर काही मजबूत हात चेकमध्ये ठेवावे लागतात, विशेषतः पोझिशन नसताना, म्हणजे समोरच्याच्या आधी चाल करावी लागते तेव्हा. ब्लफ वाढवण्याआधीचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि त्यासाठी सरळ स्वभावाला मुरड घालावी लागत नाही.

यंत्रांनीही ब्लफ कोणाचा चेहरा वाचून शिकलेला नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्येच ब्लफ गणितातून काढून दाखवला होता. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांशी दोघांच्या नो-लिमिट होल्डेमचे १,२०,००० डाव खेळून दर १०० डावांना १४.७ बीबी या वेगाने त्यांना हरवलं, तेही मुख्यतः स्वतःशी खेळून काढलेल्या चालींवर. ब्लफ हा स्वभावाचा प्रश्न नाही. रेंजच्या, म्हणजे एखाद्या चालीमागे असू शकणाऱ्या सगळ्या हातांच्या, हिशोबातला तो एक रकाना आहे.

१६ जून: तीन रस्ते आणि स्टॅकची खोली

रस्ता म्हणजे बेट लावण्याची एक फेरी. रिव्हरचा नमुना मागे टर्न (टेबलवरचं चौथं पान) आणि फ्लॉप (पहिली तीन पानं) इथपर्यंत नेला. प्रत्येक रस्त्यावर पॉटएवढी बेट धरली. रिव्हरवर बेट करणाऱ्या हातांत २/३ खरे लागतात. टर्नवर ४/९ पुरतात. फ्लॉपवर ८/२७, म्हणजे २९.६ टक्के. बाकीचे ७०.४ टक्के हात पुढे कुठेतरी सोडून द्यायचे ब्लफ.

खऱ्या हातांचा वाटा ८/२७ असताना, १०० च्या पॉटवर तीन रस्त्यांचा संतुलित खेळ अख्खा १०० मिळवतो. एकाच रस्त्यावर बेट करता आली तर ४४.४. ओळखून फोल्ड करणाऱ्यासमोर सरळ खेळ किती मिळवतो? २९.६.

म्हणजे उरलेले रस्ते आणि मागचा स्टॅक जितका, तितका ब्लफ न करण्याचा तोटा मोठा. २०-४० बीबीच्या स्टॅकवर सरळ खेळ फार मागे पडत नाही, कारण बेटा दोनच बसतात. २०० बीबीवर तीन मोठ्या बेटा बसतात आणि फरक उघडा पडतो. वर जाऊन पाहायचंच असेल, तर कमी स्टॅक घेऊन बसणं हा प्रामाणिक आणि सोपा बचाव आहे. टेबलची किमान रक्कम ४० बीबी असेल, तर ४० च घ्यावी.

नमुन्याची मर्यादा: इथे हात एकतर अजिंक्य, नाहीतर रिकामा. खऱ्या खेळात रिकाम्या हातांनाही सुधारण्याची संधी असते, समोरच्याकडेही सापळे असतात. त्यामुळे ७०.४ हा आकडा टेबलवर वापरायचा नाही. दिशा तेवढी घ्यायची.

१९ जून: रेक आणि ब्लाइंड

उदाहरणादाखल रेक ५ टक्के, कमाल ३ एकके. बीबी १ एककाचा असेल, तर ६० बीबीच्या पॉटमधून ३ बीबी जातात. बीबी १० एककांचा असेल, तर त्याच पॉटमधून ०.३ बीबी. वरच्या स्टेकवर रेक हलका होतो. हे ऐकून सरळ खेळणारा खूश होतो, पण त्याचा फायदा त्याला सर्वांत कमी आहे. जड रेकमध्ये सीमेवरचे हात तोट्यात जातात आणि घट्ट खेळणं आपोआप बरोबर ठरतं. रेक उतरला की तेच हात सगळ्यांसाठी खेळण्याजोगे होतात, आणि जो ते खेळत नाही त्याच्या ब्लाइंडवर बाकीचे चरतात.

ब्लाइंडचा भार: सहा जणांच्या टेबलवर एका फेरीत १.५ बीबी, म्हणजे काहीच न खेळता १०० डावांना २५ बीबी. नऊ जणांत १६.७. सरळ खेळ नऊ जणांच्या टेबलवर जास्त काळ तगतो, त्याचं हे निव्वळ अंकगणिती कारण.

चोरीचा, म्हणजे सगळ्यांना फोल्ड करायला लावून ब्लाइंड उचलण्याचा, भाव: १.५ बीबीच्या ब्लाइंडवर २.५ बीबीचं ओपन (पहिली रेज) केलं, तर ६२.५ टक्के फोल्ड मिळाले की पुढे एकही पैसा न जिंकता बरोबरी होते. २ बीबीच्या ओपनला ५७.१ पुरतात. दोन्ही ब्लाइंडवर सरळ खेळणारे बसले असतील, तर बटनवरून, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी चाल येणाऱ्या जागेवरून, जवळजवळ काहीही उघडता येतं.

२३ जून: नफ्याच्या आलेखावर भरवसा का नाही

सर्वांना सुचणारी पद्धत अशी: खालच्या स्टेकवर लाखभर डाव, वरच्या स्टेकवर लाखभर डाव, नफ्यांची तुलना. सहा जणांच्या नो-लिमिटमध्ये १०० डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती हेलकावतो याचं माप, साधारण ८० ते १०० बीबी धरतात. ९० घेऊ. १ लाख डाव म्हणजे शंभराचे हजार गट. सरासरीतली संभाव्य चूक ९० भागिले हजाराचं वर्गमूळ, २.८५ बीबी. पंच्याण्णव टक्के खात्रीचा पट्टा दोन्ही बाजूंना ५.६. म्हणजे नफा ५ दिसला, तर खरा नफा किंचित उणे असू शकतो किंवा १० असू शकतो. २५,००० डावांना पट्टा ११.२. नफा ५ वरून २ वर आला, हे ८० टक्के भरवशाने पकडायला प्रत्येक स्टेकवर साधारण १४ लाख डाव लागतात. तोवर टेबलवरचे लोक तेच राहत नाहीत.

प्रमाणं मात्र लवकर बोलतात. आपल्या पाऊण पॉटच्या रिव्हर बेटेवर किती वेळा फोल्ड मिळतो, हे १०० नोंदींत अधिक-उणे १० टक्क्यांपर्यंत कळतं, ४०० नोंदींत ५ पर्यंत. म्हणून या प्रकल्पात नफा पाहायचाच नाही; कॉलचं प्रमाण रेषेच्या वर आहे की खाली, तेवढं पाहायचं. पाऊण पॉटला रेषा ५७.१. कॉल ६५ टक्के असतील, तर ब्लफ न करणंच फायद्याचं. ४५ असतील, तर घर गळतंय.

आता उलट बाजू. समोरच्याला आपण किती लवकर कळतो? पाऊण पॉटच्या बेटेत संतुलित खेळाडूचे ३० टक्के ब्लफ असतात. लागोपाठ ८ शोडाऊनमध्ये (शेवटी पानं उघडून दाखवण्यात) एकही ब्लफ न दिसण्याची त्याची शक्यता ०.७ चा आठवा घात, ५.८ टक्के. दहाला २.८. पाहणाऱ्याने सुरुवातीला निम्मं-निम्मं धरलं असेल, तर आठ शोडाऊननंतर आपण सरळ खेळणारे आहोत याची त्याला जवळजवळ ९५ टक्के खात्री होते.

एकीकडे आठ शोडाऊन, दुसरीकडे १४ लाख डाव. सरळ खेळ वर गेल्यावर गुपचूप का मरतो, ते या दोन आकड्यांच्या अंतरात आहे. विरोधक संध्याकाळभरात जुळवून घेतो. आपल्याला आपल्याच आलेखातून वर्ष-वर्ष काही कळत नाही आणि दोष नशिबावर जातो. वरच्या स्टेकवर नेहमीचे खेळाडू मोजके असल्याने तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात, हे आणखी एक ओझं.

२४ जून: कालच्या नोंदीत भर

आठ शोडाऊनच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. शोडाऊन कॉल झाला तरच होतो. समोरचे फोल्ड करू लागले की आपले हात दिसणं कमी होतं आणि त्यांचं शिकणंही मंदावतं. उलट भरपूर कॉल करणाऱ्यांना माहिती सर्वांत जास्त मिळते, पण ते ती वापरत नाहीत. म्हणून टेबलवर किती जणांनी पाहिलं यापेक्षा पाहणाऱ्यांत नोंद ठेवणारे किती, हे मोजावं.

डाव नोंदवणाऱ्या ट्रॅकिंग प्रोग्रॅममध्ये सरळ खेळाची खूण ओळखू येते: शोडाऊनशिवायच्या कमाईची लाल रेघ तीव्र उताराने खाली, शोडाऊनची निळी रेघ वर. लाल रेघ खाली असणं हा स्वतःहून दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा लाल तितकीच उतरते आणि निळी चढायची थांबते.

३० जून: प्रीफ्लॉप, थ्री-बेट

थ्री-बेट म्हणजे फ्लॉपच्या आधी कोणाच्या ओपनवर पुन्हा केलेली रेज. सरळ खेळाची नेहमीची थ्री-बेट रेंज: एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा. कॉम्बो, म्हणजे दोन पानांच्या नेमक्या जुळण्या, १८ अधिक १६, एकूण ३४. १,३२६ पैकी २.६ टक्के. समोरच्याने ही सवय टिपली, तर २५ टक्के हातांनी उघडूनसुद्धा तो याच ३४ कॉम्बोंनी पुढे जातो आणि बाकी ९० टक्के फोल्ड करतो. एक्क्यांची जोडी आपल्याला बहुतेक वेळा ओपन आणि ब्लाइंड मिळून ४ बीबी देऊन संपते.

पण याच क्षणी दुसरं दार उघडतं. त्याच्या २.५ बीबीच्या ओपनवर ८ बीबीची थ्री-बेट ब्लफ म्हणून केली, तर बरोबरीला ६६.७ टक्के फोल्ड लागतात. तो ९० टक्के फोल्ड करतोय. ०.९ गुणिले ४ उणे ०.१ गुणिले ८, म्हणजे दर ब्लफला २.८ बीबी नफा, कॉल झाल्यावर प्रत्येक वेळी सोडून दिलं असं धरूनही. मागे बसलेल्यांचे मजबूत हात यातून थोडं कापतील.

सरळ खेळाने कमावलेली पत ही भांडवल आहे. ती फोल्डच्या रूपाने समोर येते आणि ब्लफनेच वसूल होते. यासाठी एक्का-पंजी ते एक्का-दुर्री सुटेड (दोन्ही पानं एकाच रंगाची) हे १६ कॉम्बो घ्यावेत: हातातला एक्का समोरच्याच्या एक्के-जोडीचे कॉम्बो ६ वरून ३ वर आणतो आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर. रेंज ५० कॉम्बोंची होते, ३.८ टक्के. अजूनही घट्टच, पण वाचता न येणारी.

२ जुलै: बचावाची बाजू

छोटी नोंद, पण वगळता येत नाही. सरळ खेळणारा ब्लफ करत नाही एवढंच नसतं. तो फोल्डही जास्त करतो. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा अधिक मिळण्याची शक्यता ३२.४ टक्के. ‘लागलं तर राहू, नाहीतर फोल्ड’ असं खेळलं, तर अर्ध्या पॉटच्या बेटेला समोरच्याला फक्त ३३.३ टक्के फोल्ड हवे असतात आणि त्याला दुप्पट मिळतात. रिव्हरवर पॉटएवढ्या बेटेला ६५ टक्के फोल्ड केले, तर समोरचा कुठल्याही दोन पानांवर १०० च्या पॉटमागे ३० काढतो. ब्लफ शिकण्याआधी ही गळती बुजवावी.

५ जुलै: सरळ खेळ वरही चालतो त्या जागा

जास्त खेळाडू असलेला पॉट. प्रत्येक जण ६० टक्के फोल्ड करत असेल, तर दोघेही फोल्ड होण्याची शक्यता ३६ टक्के, तिघेही होण्याची २१.६. इथे ब्लफ जवळजवळ नकोच.

टेबलवर एक-दोन जण मौजेखातर बसलेले असतील आणि पॉट त्यांच्याबरोबर असेल, तर स्टेक कितीही मोठा असो, सरळ खेळच बरोबर. बेट मोठी ठेवावी. त्यांच्यामुळेच टेबल निवडणं हे वरच्या स्टेकवर सरळ खेळणाऱ्याचं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य ठरतं. तेच टेबल ते उठल्यावर सोडून द्यावं.

१० जुलै: किती ब्लफ, कोणते

सेमी-ब्लफपासून सुरुवात. फ्लॉपवर फ्लशचा ड्रॉ (एका रंगाची चार पानं, पाचवं हवं), कामाची ९ पानं, रिव्हरपर्यंत ३५ टक्के. पॉट १००, मागे १००, सगळे टाकले. कॉल झाला तर ३०० चे ३५ टक्के उणे १००, म्हणजे +५. समोरच्याच्या कॉल करणाऱ्या हातांसमोर शक्यता २७ टक्केच उरली, तर −१९. पण १६ टक्के फोल्ड मिळाले की बरोबरी. चेकची किंमत यापेक्षा जास्त आहे का, एवढं तपासावं. फोल्डची अजिबात आशा नसेल, तर ती जास्त असते.

रिव्हरचे ब्लफ: आधी व्हॅल्यू कॉम्बो मोजायचे, मग बेट भागिले पॉट अधिक बेट याने गुणायचं. १२ व्हॅल्यू कॉम्बो असतील, तर अर्ध्या पॉटला ४ ब्लफ, पाऊण पॉटला ५, पूर्ण पॉटला ६, दुपटीला ८. सरळ खेळणाऱ्याची नवी चूक इथे होते. चुकलेले ड्रॉ सहज वीस-बावीस कॉम्बो भरतात, आणि एकदा धीर आला की तो सगळेच मारतो. मग पारडं उलट झुकतं आणि खालच्या स्टेकपेक्षा जास्त तोटा होतो.

निवड ब्लॉकरवर, म्हणजे समोरच्याचे मजबूत हात अडवणाऱ्या आपल्या पानावर. बोर्डावर इस्पिकची तीन पानं आणि हातात इस्पिक एक्का, दुसरं पान वेगळ्या रंगाचं: समोरच्याच्या शक्य फ्लश जोड्या ४५ वरून ३६ वर येतात आणि सर्वांत मोठ्या फ्लश सगळ्या नाहीशा होतात. हा उत्तम ब्लफ. चुकलेला फ्लश ड्रॉ मात्र वाईट ब्लफ, कारण समोरच्याने जे चुकलेले फ्लश ड्रॉ फोल्ड केले असते तेच आपल्या हातात अडकलेले असतात. चुकलेला स्ट्रेट ड्रॉ, ज्यात त्या रंगाचं पान नाही, तो घ्यावा. दहापैकी चारच मारायचे असतील, तर रंग ठरवून टाकावा, उदाहरणार्थ फक्त किलवर असलेले. मनाने पाचाला दोन निवडू म्हटलं, तर मन नेहमी आपल्याला हव्या त्या वेळी निवडतं.

१४ जुलै: पुढची मोजणी

वरच्या स्टेकवरच्या प्रत्येक सत्रात तीनच रकाने: आपली रिव्हर बेट पॉटच्या किती पट, समोरचा नोंद ठेवणारा की मौजेचा, कॉल की फोल्ड. सगळ्या आकारांच्या बेटा एकत्र मोजायच्या नाहीत. अर्ध्या पॉटची रेषा ६६.७ आणि पूर्ण पॉटची ५०, मिसळल्यावर सरासरीला काही अर्थ उरत नाही. दोन्ही प्रकारच्या खेळाडूंचे रकानेही वेगळे. मौजेच्या खेळाडूंचे ८० टक्के कॉल नियमितांचे ४० टक्के झाकून टाकतात, आणि एकूण ६० पाहून सगळं ठीक वाटतं.

१०० नोंदींनंतर नियमितांचे कॉल रेषेच्या १० टक्के खाली असतील, तर त्यांच्यासमोर वरचे ब्लफ सुरू. रेषेच्या आसपास असतील, तर बदल नाही, ४०० नोंदींपर्यंत मोजणी चालू. रेषेच्या वर असतील, तर बेट एका पायरीने मोठी: अर्ध्याची पाऊण, पाऊणची पूर्ण. आकार बदलला की नोंदी शून्यापासून.